फोटो हे कोणतं प्रमाण?

तर्कशास्त्राच्या वर्गात प्रमाणांचा, म्हणजे ज्ञान मिळण्याच्या मार्गांचा, धडा आला की कुणीतरी हा प्रश्न विचारायचंच. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष, धुरावरून विस्तव ओळखला ते अनुमान, भरवशाच्या माणसाने सांगितलं ते शब्दप्रमाण. मग फोटो कशात बसतो? वाईत अकरावी-बारावीला मी हा विषय शिकवला आणि या प्रश्नावर मुलांना मनसोक्त भांडू दिलं. तास संपेपर्यंत बहुतेकांचं मत प्रत्यक्षाकडे झुकलेलं असायचं. वस्तूवरून आलेला प्रकाश फिल्मवर पडला, ठसा उमटला, मध्ये कुणाचं मत आलं नाही. रोल धुऊन आणायच्या काळात हे उत्तर पुरेसं वाटायचं. आता फोटो फोनवर निघतात, आणि तो प्रश्न पहिल्यापासून मांडायला हवा असं मला वाटतं. फोनचा फोटो हे प्रत्यक्ष राहिलेलं नाही. मग ते काय आहे, हे ठरवल्याशिवाय त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा हेही ठरत नाही.

निवृत्त झाल्यापासून मी रोज फोटो काढते, आणि फोननेच काढते. वेगळा कॅमेरा घ्यावा असं वाटलं नाही. फोन मंडईच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी असतो, हवा तेव्हा हाताला लागतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासमोर कुणी सावरून बसत नाही. मोठी लेन्स लावलेला माणूस गणपती घाटावर आला की धुणं धुणाऱ्या बायका पदर नीट करतात, पोरं उड्या मारून दाखवतात, पूजा सांगणारे गुरुजीसुद्धा जरा ताठ होतात. फोन सगळ्यांच्याच हातात असल्यामुळे माझ्याकडे कुणी वळून पाहत नाही. याच घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे. त्या भिंतीच्या धारेवर सकाळचं ऊन एका बाजूने चढतं तेव्हा दुसरी बाजू निळसर राहते. हे मी इतक्या वेळा टिपलंय की घरातले विचारतात, अजून त्यात काय राहिलंय. राहिलंय बरंच. पण ते पुढे.

हिवाळ्यात कृष्णेवरून धुकं उठतं. न्यायशास्त्रातलं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आणि त्या अनुमानातला धोका म्हणून सांगतात तो हाच, की लांबून धुकंही धुरासारखं दिसतं. एका पहाटे घाटावर दोन्ही एकत्र होतं. नदीवरचं धुकं पांढरं आणि जड, पलीकडच्या घरामागे पेटवलेल्या बंबाचा धूर निळसर, वर चढणारा. मधे कुठेतरी ते एकमेकांत मिसळत होते. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य समोर उभं होतं. मी फोटो काढला. पडद्यावर जे आलं त्यात धुकं विरळ झालेलं, देवळाच्या कडा रेखीव, आणि धूर व धुकं दोन्ही एकाच राखाडी रंगाचे. फोनच्या लेखी धुकं हा चित्रातला दोष होता. त्याने तो बऱ्यापैकी दूर केला, आणि ज्या भेदासाठी मी फोटो काढत होते तो भेदही त्याबरोबर गेला.

तेव्हापासून हा फोन नेमका पाहतो कसा, हे मी समजून घेत आले. त्यातलं निदान एवढं तरी प्रत्येकाला माहीत असावं.

डिजिटल कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारे लाखो बारीक ठिपके असतात. त्यांना रंग कळत नाही, फक्त प्रकाश किती पडला एवढं कळतं. म्हणून कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी एक युक्ती काढली, तिचं पेटंट 1976 चं आहे: प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच ठेवायची, त्यात निम्म्या हिरव्या. मग ज्या ठिपक्यावर हिरवी काच आहे तिथे लाल किती आणि निळा किती हे मोजलंच जात नाही. शेजारच्या ठिपक्यांवरून ते काढलं जातं. बहुतेक सगळे फोन आजही याच तत्त्वावर चालतात. म्हणजे फोटोतल्या रंगाच्या तीन भागांपैकी एक भाग मोजलेला आणि दोन भाग अनुमानाने भरलेले. हे अनुमान चांगलं असतं, बहुतेक वेळा बरोबरही असतं, पण आहे ते अनुमानच. प्रो मोड लावून कच्ची फाइल घेतली, तरी ती बघायची म्हटलं की हे करावंच लागतं.

दुसरी गोष्ट मला याहून विलक्षण वाटते. आपण बटण दाबतो तो क्षण फोटोत येतो, अशी आपली समजूत आहे. फोनचा कॅमेरा उघडल्यापासून तो चित्रं घेतच असतो आणि जुनी टाकून देत असतो. बोट लागलं की हाताशी असलेली, म्हणजे बोट लागण्याआधीचीसुद्धा, काही चित्रं तो उचलतो, ती एकमेकांवर बसवतो, हललेलं वगळतो, काळोखात चित्रावर येणारे कण कमी करतो, आभाळ पांढरं फटक पडू नये म्हणून उजेड जुळवतो आणि एक फोटो हातात देतो. रात्रीच्या मोडमध्ये हे काही सेकंद चालतं. बौद्धांच्या क्षणिकवादात प्रत्येक क्षण वेगळा आहे आणि ते क्षण जोडून ‘ही तीच नदी’ म्हणणारं काम मन करतं. फोन अक्षरशः ते काम करतो. तो जो क्षण दाखवतो तो काळात कुठेच नव्हता.

यावर कुणी म्हणेल की जुना फोटो तरी कुठे शुद्ध होता? बरोबर आहे. 1838 मध्ये दागेरने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. प्रकाश पडायला काही मिनिटं लागत, तेवढ्या वेळात चालती माणसं आणि गाड्या उमटल्याच नाहीत. रस्ता ओस दिसतो. बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा उरला. त्या फोटोने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. तो प्रकाशाच्या नियमाने चालला, आणि तो नियम माहीत असणाऱ्याला रस्त्यावर गर्दी होती हे कळतं. फोनमध्ये नियमाच्या जागी आता ओळख आली आहे. हे आभाळ, हा चेहरा, हे जेवणाचं ताट, हा चंद्र, असं तो आधी ओळखतो आणि त्या त्या नावाच्या वस्तू कशा दिसाव्यात याच्या त्याच्याजवळ असलेल्या कल्पनेप्रमाणे चित्र घडवतो. 2023 मध्ये एका माणसाने चंद्राचं मुद्दाम अंधुक केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून दूरवरून त्याचा फोटो काढला, तर फोनने त्या अंधुक गोळ्यावर खड्डे आणि डाग रेखून दिले. जे चित्रात नव्हतं ते फोनला चंद्राविषयी आधीच माहीत होतं.

इथे मला दिङ्नागाची आठवण होते. पाचव्या-सहाव्या शतकातला हा बौद्ध तार्किक. त्याच्या मते प्रत्यक्ष म्हणजे ज्यात कल्पनेचा स्पर्श नाही असं ज्ञान. नाव, जात, गुण चिकटले की ते प्रत्यक्ष उरत नाही. पुढे धर्मकीर्तीने त्यात भर घातली की ते भ्रममुक्तही हवं. ही कसोटी लावली तर फोनचा फोटो पहिल्याच पायरीवर बाद होतो, कारण तो नाव ठेवल्याशिवाय पुढे सरकतच नाही. व्याकरणकार भर्तृहरीला मात्र यात काही वावगं वाटलं नसतं. शब्दाने गुंफलेलं नाही असं ज्ञानच नाही, असं तो मानणारा. मीमांसक कुमारिल आणि न्यायशास्त्राचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, मधल्या वाटेने गेले. आधी एक नुसतं, नाव नसलेलं पाहणं असतं. कुमारिलाने त्याची तुलना तान्ह्या बाळाच्या आणि मुक्याच्या ज्ञानाशी केली आहे. मग त्यावर नाव येतं, आणि तेही प्रत्यक्षच. वाचस्पती मिश्रांनी न्यायसूत्रातल्या प्रत्यक्षाच्या लक्षणात या दोन्ही पायऱ्या दाखवून दिल्या.

मी नैयायिकांच्या बाजूची आहे. नाव देणं हा अपराध नाही. नावाशिवाय मी कृष्णेच्या घाटावर फिरू शकणार नाही, पायरी आणि शेवाळ यांत फरक करू शकणार नाही. पण नैयायिकांनी नाव देण्याबरोबर एक जबाबदारीही दिली: संशय. संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं दिसतं. तो खांब आहे की माणूस, हे त्यांचं संशयाचं ठरलेलं उदाहरण. मन दोन्हीकडे हेलकावे खातं, मग आपण पुढे जाऊन पाहतो. एकदा दिवेलागणीला घाटाच्या भिंतीवर कुणी घोंगडी वाळत टाकली होती. मी फोन धरला तर तिच्या घड्यांवर चेहरा ओळखल्याचा पिवळा चौकोन आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. त्या चेहऱ्यावर उजेड नीट यावा म्हणून सगळं चित्र उजळलं. मला क्षणभर खरंच वाटलं की कुणीतरी बसलंय. मी चार पावलं पुढे गेले. पुढे जाणं मलाच शक्य होतं. ओळखण्याचं काम यंत्राला जमतं, अडखळणं जमत नाही. आणि ज्ञानाच्या बाबतीत अडखळणं फार मोलाचं आहे.

हे सगळं कुणी वर्गातली चर्चा म्हणून बाजूला ठेवू नये, म्हणून घाटावरचीच एक गोष्ट सांगते.

रोज धुणं घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. वय सत्तरीच्या पुढे असावं. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, कपाळावर एक उभी रेघ, आणि डाव्या मनगटावर तुळशीवृंदावन, आता पसरून पुसट झालेलं. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, “बाई, माजा एक फोटू काडा. मागं भितीवर लावाया पायजे की.” आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना हे सांगताना संकोच वाटत नाही, आपल्यामागे हार कशाला घालायचा हे ठरवून ठेवणं त्यांना घर आवरून ठेवण्यासारखं वाटतं. त्यांनी हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि पायरीवर बसल्या. नवाच फोन होता, पोर्ट्रेट मोडला त्याने जे जे आपलं आपण लावलेलं असतं ते सगळं चालू होतं.

फोटो त्यांना दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला, आणि पडद्यावर हनुवटीपाशी बोट ठेवलं.

“माजं गोंदान कुटं ग्येलं?”

खरंच नव्हतं. त्वचा गुळगुळीत करताना फोनने ते ठिपके डाग समजून पुसले होते. कपाळावरची रेघ सावलीसारखी उरली होती. रंगही चार घरं उजळ आला होता, गालावरच्या सुरकुत्या निम्म्या.

“ह्ये माज्या भनीचं तोंड हाय,” त्या म्हणाल्या. “ती गोरी व्हती.” मग जरा थांबून, “गोंदान मेल्यावर संगं येतं म्हंत्यात. बाकी काय येत न्हाई. त्येच काडलं व्हय तुमच्या फोनानं?”

गोंदण वर सोबत येतं, दागिने इथेच राहतात, ही समजूत जुन्या बायकांमध्ये घट्ट आहे. ती माझी श्रद्धा नाही. पण त्या क्षणी मावशींच्या आणि फोनच्या कल्पनांमध्ये कुणाची बाजू घ्यायची, याबद्दल माझ्या मनात किंतु आला नाही. मावशींच्या कल्पनेत त्यांचं लहानपण होतं, माहेर होतं, सुई टोचताना धरलेला आईचा हात होता. फोनच्या कल्पनेत चेहरा म्हणजे गोरी, एकसारखी, डाग नसलेली त्वचा होती. ही कल्पना कुठून आली, याचाही इतिहास आहे. रंगीत फिल्म जेव्हा घराघरांत गेली तेव्हा कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो असलेली कार्डं वापरत. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांची छटा त्यात बुडून जाई. 2021 मध्ये गूगलने आपल्या फोनमध्ये गडद त्वचा खरी दिसावी यासाठी मुद्दाम काम केल्याचं जाहीर केलं. म्हणजे आधी ती खरी दिसत नव्हती, एवढं तरी त्यातून मान्य झालं. यंत्राजवळ कल्पना असणारच. प्रश्न एवढाच की ती कुणाची आहे, आणि ज्याचा चेहरा आहे त्याला ती बदलता येते का. मी सगळ्या सोयी बंद करून, मावशींना सावलीत बसवून पुन्हा फोटो काढला. त्यांनी त्यातले तीन ठिपके मोजले आणि मान हलवली. छापून दिलेला तो फोटो त्यांनी ट्रंकेत ठेवला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. फोनचा फोटो प्रत्यक्ष नाही. त्यात अनुमान भरपूर आहे, पण फोटो पाहणारा ते अनुमान स्वतः करत नाही, त्याला हेतू, म्हणजे विस्तव सांगणाऱ्या धुरासारखी खूण, दिसत नाही, म्हणून त्याच्यापुरतं ते अनुमानही नाही. माझं म्हणणं असं की आजचा फोटो शब्दप्रमाणात जातो. तो सांगितलेली गोष्ट आहे. आणि सांगितलेली गोष्ट खरी कधी मानायची याचं न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेलं उत्तर आजही पुरतं. सांगणारा आप्त असला पाहिजे. आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः पाहिली आहे, आणि जशी पाहिली तशी सांगावी अशी ज्याला इच्छा आहे. वात्स्यायन पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. वर्गात हे सांगताना मला नेहमी उभारी यायची. सत्य सांगण्याचा अधिकार जन्मावर, विद्येवर, पदावर ठेवलेला नाही. पाहिलं असावं आणि तसंच सांगायची ओढ असावी, एवढंच. ज्याच्या हातात फोन आहे त्या प्रत्येकाला हे लागू होतं.

कायदाही याच दिशेने आला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63व्या कलमाखाली डिजिटल फोटो कोर्टात मांडायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. कुणीतरी सही करून त्याची जबाबदारी घ्यावी लागते. चित्र एकटं उभं राहत नाही. त्याच्यामागे माणूस लागतो.

यावर माझा एक जुना विद्यार्थी रागावतो. तो पुण्यात असतो, हौशी पण फार चांगले फोटो काढतो, आणि माझ्याशी वाद घालायला त्याला अजून आवडतं. त्याचं म्हणणं, “मॅडम, तुम्ही कलेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करताय.” मला तसं वाटत नाही. साक्ष आणि कल्पकता यांचं वैर आहे असं मानणाऱ्याने सकाळी घाटावर येऊन बघावं. आप्त व्हायचं तर आधी पाहावं लागतं, आणि पाहणं हेच सगळ्यांत अवघड. पाण्यात तरंगणारा झेंडू दिसला की मन लगेच ‘निर्माल्य’ म्हणतं आणि पुढे जातं. कुमारिल म्हणतो ते नाव नसलेलं पाहणं मोठ्या माणसाला आपोआप मिळत नाही. त्यासाठी खटपट करावी लागते. ही खटपट करायला फोनने मला शिकवलं. पडदा मोठा आणि सपाट, त्यावर जग चौकटीत बसतं, आणि चौकटीत आलं की झेंडू हा पहिल्यांदा नारिंगी रंगाचा एक तुकडा होतो.

काही गोष्टी हाताला लागत गेल्या. सुरुवात पदराने लेन्स पुसण्यापासून. बोटांचं तेल काचेवर असलं तर प्रत्येक दिव्याभोवती वलय येतं, आणि लोकांना ते देवळातलं तेज वाटतं. मग पडद्यावर बोट दाबून ठेवायचं, उजेड कुलूपबंद करायचा, आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. फोनला काळोख आवडत नाही. पहाटे पाचचा घाट तो सकाळी आठचा करून देतो. उजेड खाली ओढला की काळा दगड पुन्हा काळा होतो, त्यावरचं ओलं तेवढं चमकतं. ढोल्या गणपतीच्या भिंतीची ऊन आणि निळसर सावली यांमधली धार मला अशीच सापडली. फोन ती सावली भरून काढायला बघतो. बोटाने त्याला थांबवत राहिलं, की भिंतीची मासळी हळूहळू दगडातून वर येते. दर ऋतूत ही धार वेगळ्या जागी असते, म्हणून तिचे फोटो संपत नाहीत.

आणि एक आवडती जागा आहे. पाण्याजवळच्या एका पायरीवर पाय घासून घासून उथळ खळगी झाली आहे. पाऊस पडून गेला किंवा कुणी ओल्या अंगाने वर आलं की तिथे तळहाताएवढं पाणी साचतं. फोन उलटा धरला की लेन्स खाली येते, अगदी पाण्याला टेकेल इतकी. मग ते तळहातभर पाणी चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरतं, पायरीची कड क्षितिज होते आणि काशीविश्वेश्वराचं शिखर त्यात उलटं उभं राहतं. मी तो फोटो काढला तेव्हा घरात कुणालाही ती वाई ओळखू आली नाही.

आमचा वाद पेटला तो विद्यार्थ्याच्या फोटोवरून. माघात, कृष्णाबाईच्या उत्सवाच्या दिवसांत तो आला होता. संध्याकाळची नदी, पाण्यावर सोडलेले दिवे, मागे देवळं. अप्रतिम चौकट. फक्त त्या संध्याकाळी काठाशी प्लास्टिकच्या पिशव्या, फुलांच्या पुड्या, एक थर्मोकोलचा तुकडा आणि फाटकी जलपर्णी होती. मीही तिथेच उभी होते. फोटोत यातलं काहीही नाही. हल्लीच्या फोनवर नको ते बोटाने गोल करून पुसता येतं, आणि मागचं पाणी फोन आपल्या कल्पनेने भरतो.

मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मी देवीचा फोटो काढत होतो, मॅडम. कचऱ्याचा नाही. देवघरात बसून ध्यान करताना तुम्ही मूर्तीवरची धूळ धरता का ध्यानात?”

हा प्रश्न हलका नाही. भक्तीत कल्पना हेच साधन आहे. ध्यानात देवतेचं रूप आपण रचतो, दगडाच्या पलीकडचं पाहतो, आणि त्याला कुणी असत्य म्हणत नाही. वारकऱ्याला विटेवर जे दिसतं ते मोजपट्टीने मोजायला जाणारा माणूस मला करंटा वाटेल. मग विद्यार्थ्याची कृष्णा मी का नाकारावी?

तो पुढे म्हणाला, “आणि तुमचं ते खळगीतलं पाणी? तळहाताएवढं डबकं नदीएवढं दाखवलंत. ते चालतं?”

मी म्हटलं, चालतं. ती पायरी आहे, ती खळगी आहे. कुणीही यावं, वाकावं, गाल दगडाला लावावा. त्याला तेच दिसेल. नैयायिकांची शेवटची कसोटी हीच आहे. मृगजळाकडे तहानेला माणूस गेला तर पाणी मिळत नाही, तळ्याकडे गेला तर मिळतं. माझ्या फोटोकडे चालत जाता येतं. तुझ्या फोटोत जी नदी आहे, ती जिथून दिसेल अशी जागा त्या संध्याकाळी संपूर्ण घाटावर एकही नव्हती.

“डोळे मिटले की होती, मॅडम,” तो म्हणाला.

हे उत्तर मला आवडलं, आणि मी त्याला तसं सांगितलंही. मिटल्या डोळ्यांची कृष्णा खरी आहे, आणि तिचा फोटो काढायलाही माझी ना नाही. त्याखाली तेवढी एक ओळ असावी की हे ध्यान आहे. ओळ घातली की भाव मरतो, असं तो म्हणतो. मला वाटतं भाव इतका नाजूक नसतो. ध्यानाला आपण ध्यान म्हणतो म्हणून ते कधी कमी झालेलं नाही. पण हा मुद्दा त्याला पटलेला नाही, आणि मी त्याच्यावर दामटूनही सांगितलेला नाही.

तो फोटो फिरत फिरत आमच्या गावच्या एका गटात आला. तिथे मुंबईच्या एका बाईंनी खाली लिहिलं, आमच्या लहानपणी होती तशी स्वच्छ झाली की हो नदी, या मे महिन्यात नातवंडांना घेऊन स्नानाला येतोच. त्यांनी कुणाचं ध्यान पाहिलं नव्हतं. त्यांना घाटाची बातमी मिळाली होती, तिथे उभ्या असलेल्या एका माणसाकडून. मी तो मजकूर विद्यार्थ्याला पाठवला आणि लिहिलं की या बाईंना उत्तर तू द्यायचंस. निळ्या खुणा आल्या, त्याने वाचलं आहे. उत्तर अजून त्याने लिहिलेलं नाही, आणि मे जवळ आला आहे.